समजून घ्या : उद्या सुट्टी आहे का? जतकरांच्या ऑगस्ट महिन्यात दडलेली माणसं आणि तारखा

जुलै संपत आला की जत तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, ‘उद्या शाळेला सुट्टी आहे का?’ उत्तरं तीन प्रकारची येतात. कुणी लिहितं ‘आहे’, कुणी ‘नाही’ आणि कुणी नुसताच अण्णा भाऊ साठे यांचा फोटो टाकतं. दुसऱ्या दिवशी पोरं दप्तर घेऊन शाळेत जातात, प्रतिमेला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि दहा वाजता गणिताचा तास सुरू होतो.

१ ऑगस्टला सुट्टी नसते. ३ ऑगस्टला नसते. ९ ऑगस्टला क्रांती दिन असला तरी नसते. तारीख ठरलेली आणि दरवर्षी हमखास मिळणारी मोठी सुट्टी एकच, ती म्हणजे १५ ऑगस्ट. पण सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास ज्या महिन्यात सर्वाधिक दाटलेला आहे, तो महिना हाच. आपला जिल्हा जन्माला आला तोही याच महिन्यात. मग सुट्टी कशाला मिळते, कशाला मिळत नाही आणि सुट्टी नसलेले दिवस लक्षात ठेवायचे कुणी, हे समजून घेऊ.

सुट्टी ठरवतं कोण?

आपण ज्याला ‘सरकारी सुट्टी’ म्हणतो, तिचं मूळ १८८१ च्या एका कायद्यात आहे. हा कायदा चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांसारख्या कागदांबद्दलचा. मराठीत त्याला पराक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. चेक वटवायचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय करायचं, यासाठी ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय हे कायद्याला सांगावं लागलं. त्या कायद्याच्या २५ व्या कलमानुसार सुट्टी जाहीर करायचा अधिकार केंद्राचा. केंद्राने तो राज्यांकडे सोपवला आहे. म्हणून दरवर्षी राज्याचा सामान्य प्रशासन विभाग पुढच्या वर्षाची यादी काढतो. बँका, कचेऱ्या, शाळा या यादीकडे बघून आपापलं वेळापत्रक लावतात.

यादीशिवाय आणखी एक वाट आहे. जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात वर्षाला मोजक्या स्थानिक सुट्ट्या देऊ शकतात. जत्रा, उरूस, स्थानिक सण यासाठी त्या असतात. मात्र या सुट्ट्या बँकांना आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू नसतात. ‘तहसील बंद, पण बँक चालू’ असा प्रकार आपण पाहतो त्याचं कारण हेच.

तिसरी यादी मात्र सुट्टीची नाहीच. राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्या सरकारी कार्यालयांत साजऱ्या कराव्यात म्हणून राज्य सरकार दरवर्षी परिपत्रक काढतं. त्यात १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे आणि ३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटील यांची नावं असतात. या दिवशी कचेरी उघडी ठेवायची, प्रतिमेला पुष्पहार घालायचा आणि कामाला लागायचं, असा नियम आहे. गोंधळ होतो तो इथे. यादीत नाव असणं आणि सुट्टी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१ ऑगस्ट : एका तारखेत किती गोष्टी?

वर्ष १९२०. ३१ जुलैची रात्र सरून १ ऑगस्ट लागला आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचं निधन झालं. शाळेतल्या भाषण स्पर्धेत दरवर्षी शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते ती याच पुण्यतिथीला. गांधीजींच्या असहकार चळवळीची सुरुवातही त्याच दिवशी झाली.

त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मातंग कुटुंबात एका मुलाचा जन्म झाला. नाव तुकाराम भाऊराव साठे. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ म्हणू लागला. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असं सांगितलं जातं. लहानपणीच घरच्यांसोबत वाटेगावातून मुंबईपर्यंत चालत गेले. तिथे पडेल ते काम केलं, गिरणीत राबले आणि कम्युनिस्ट चळवळीत आले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाला लोकनाट्याचं रूप देऊन त्यांनी कामगारांचे प्रश्न वस्त्यावस्त्यांत नेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची शाहिरी गाजली. १९५८ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं.

त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. तिला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे. तिची माती याच वारणेच्या खोऱ्यातली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा वय पन्नासही नव्हतं. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. दीड दिवसाच्या शाळेपासून मॉस्कोपर्यंतचा हा प्रवास सांगलीच्या मातीतून सुरू झालेला आहे.

आता योगायोग पाहा. वाटेगावच्या जवळच असलेल्या कासेगावात त्याच दिवशी, म्हणजे १ ऑगस्ट १९२० लाच राजारामबापू पाटील यांचा जन्म झाला. पुढे ते राज्यात मंत्री झाले, साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था उभ्या केल्या. जतकरांना त्यांची आठवण आहे ती उमदी–सांगली पदयात्रेमुळे. तालुक्याच्या पूर्व भागाला पाणी मिळावं म्हणून ती पदयात्रा होती. म्हैसाळच्या विस्तारित योजनेची चर्चा आजही निघाली की जुनी माणसं तिचा उल्लेख करतात.

एकाच दिवशी, एकाच तालुक्यात दोन मुलं जन्मली. एकाच्या घरी जमीन होती, दुसऱ्याच्या घरी नव्हती. एकाच्या नावाने संस्था उभ्या राहिल्या, दुसऱ्याच्या नावाने वस्त्यावस्त्यांत मंडप पडू लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या गावगाड्यात माणसाची वाट कशी ठरायची, हे समजायला ही एक तारीख पुरेशी आहे.

जिल्ह्याचा वाढदिवस कोणता?

हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत येतो आणि अनेकांचा चुकतो. सांगली जिल्हा पूर्वी वेगळा नव्हता. १९४९ साली १ ऑगस्टला ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा तयार झाला. जुन्या सातारा जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांतले मिरज, जत यांसारखे भाग एकत्र आले. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचं नाव बदलून सांगली झालं. म्हणजे नामकरण नोव्हेंबरात झालं असलं तरी जन्म १ ऑगस्टचाच.

महसूल खात्याचं वर्षही १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. म्हणून राज्यात १ ऑगस्ट हा महसूल दिन. तलाठी कार्यालयापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत त्या दिवशी कार्यक्रम असतात. सातबाऱ्याचा फेरफार अडकला असेल तर विचारायला हा दिवस बरा.

३ ऑगस्ट : तलाठी ते ‘सरकार’

महसूल दिनानंतर दोनच दिवसांनी ज्यांची जयंती येते ते नाना पाटील स्वतः तलाठी होते. ३ ऑगस्ट १९०० हा त्यांचा जन्मदिवस, गाव वाळवा तालुक्यातलं येडे मच्छिंद्र. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तलाठ्याची नोकरी सोडली ती कायमची. रांगड्या बोलीत भाषण करून हजारोंना खिळवून ठेवणारा हा माणूस नंतर कित्येक वर्षं भूमिगत राहिला आणि इंग्रजांच्या हाती लागला नाही.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली–साताऱ्यात, त्यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. लोकांच्या तोंडी त्याचं ‘पत्री सरकार’ झालं. गावगुंड आणि फितुरांच्या तळपायावर फटके मारायची शिक्षा असे, त्यावरून तळव्याला पत्री ठोकल्याच्या कथा पसरल्या आणि नाव रूढ झालं. पण हे सरकार म्हणजे केवळ मारधाड नव्हती. गावोगाव न्यायदान मंडळं होती. जमिनीचे, सावकारीचे तंटे तिथे मिटत. दारूबंदी केली जाई. कमी खर्चात, हुंड्याशिवाय लग्नं लावली जात.

या सरकारची सशस्त्र शाखा म्हणजे तुफान सेना. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तिने रेल्वे अडवून इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम ताब्यात घेतली. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड ही त्यातली नावं. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील यांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला.

कुंडल हे या हालचालींचं महत्त्वाचं ठिकाण. ते तेव्हा औंध संस्थानात होतं. औंधच्या राजांनी १९३९ मध्येच प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली होती. त्यामुळे इंग्रजांच्या मुलखात कारवाई करायची आणि संस्थानच्या हद्दीत शिरायचं, हे भूमिगतांना सोयीचं पडे. आज आपण नुसतंच ‘सांगली जिल्हा’ म्हणतो, पण त्या काळी दोन शेजारच्या गावांत दोन वेगवेगळी सरकारं असत आणि चळवळीने त्या सीमांचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील याही या लढ्यात होत्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. तेव्हा ठाण्यासमोर भांडणाचं सोंग काढायचं ठरलं. एका साथीदाराने त्यांना मारहाण सुरू केली, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका उचलल्या. मारहाण खरी वाटावी म्हणून मार खराच बसला, असं त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं होतं. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या. कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. ही पिढी आता जवळपास संपली आहे.

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील दोनदा लोकसभेवर निवडून गेले. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये थेट बीडमधून. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं आणि वाळवा इथे अंत्यसंस्कार झाले.

९ ऑगस्ट : क्रांती मुंबईत, मोर्चे आपल्याकडे

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते अटकेत गेले. त्याच दिवशी अरुणा असफ अली यांनी मैदानावर तिरंगा फडकवला. म्हणून क्रांती दिन ८ ला नाही, ९ ला. काकोरीची रेल्वे लूटही ९ ऑगस्टचीच, वर्ष १९२५. आणि संयुक्त राष्ट्रसंघाने हाच दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून ठरवला आहे. एका दिवशी तीन प्रकारचे स्टेटस दिसतात, त्याचं कारण हे.

नेते तुरुंगात गेल्यावर खेड्यांनी काय केलं, याचं उत्तर साताऱ्यात सापडतं. मामलेदार कचेरी म्हणजे गावकऱ्यांना दिसणारं इंग्रज सरकार. तिच्यावर मोर्चे नेऊन तिरंगा लावायचा असं ठरलं. २४ ऑगस्टला कराडमध्ये मोर्चा निघाला, ३ सप्टेंबरला तासगावात. ९ सप्टेंबरला वडूजमध्ये गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला इस्लामपुरात गोळी चालली आणि पंड्या व बारपटे यांना प्राण गमवावे लागले. मुंबईत ठिणगी ऑगस्टमध्ये पडली, आपल्याकडे रक्त सांडलं ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. शांततेच्या मोर्च्यांना गोळीने उत्तर मिळाल्यावर तरुण भूमिगत झाले आणि त्यातूनच पुढे प्रतिसरकार उभं राहिलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला जत कुठे होतं?

हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. उत्तर सरळ नाही. त्या दिवशी जत हे डफळे घराण्याचं संस्थान होतं आणि विजयसिंहराव डफळे हे शेवटचे राजे. शेजारचं डफळापूर आधी वेगळी जहागीर होती, ती १९१७ मध्ये जतमध्ये आली. आसपास सांगली, मिरज, औंध, जमखंडी, मुधोळ अशी संस्थानं पसरलेली होती.

संस्थानिकांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सह्या केल्या तेव्हा संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय दिल्लीकडे गेले. रोजचा कारभार राजाकडेच राहिला. तो बदलला ८ मार्च १९४८ रोजी. त्या दिवशी दख्खनमधली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि जतही त्यात होतं. म्हणजे जतकरांच्या आजोबा-पणजोबांनी झेंडा पाहिला तो ऑगस्टमध्ये, राजाची प्रजा न राहता थेट नागरिक झाले ते मार्चमध्ये आणि नव्या जिल्ह्याचे रहिवासी झाले ते पुढच्या वर्षीच्या १ ऑगस्टला. पाठ्यपुस्तकात हे तिन्ही टप्पे एका ओळीत उरकतात. तालुक्याचा स्वतःचा इतिहास मात्र या तीन तारखांत आहे.

१५ ऑगस्टची आणखी एक ओळख सीमेपलीकडची आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांचा जन्मदिवस १५ ऑगस्ट १७९८ मानला जातो आणि त्यांना बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगड इथे २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिली गेली. जन्म स्वातंत्र्यदिनी, मृत्यू प्रजासत्ताक दिनी. कर्नाटकात हे नाव घराघरांत आहे. जतच्या पूर्व भागात जिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, तिथल्या मुलांनाही ते नवं नाही. मात्र सीमेच्या अलीकडच्या मराठी शाळेत ते क्वचितच ऐकू येतं.

१५ ऑगस्ट हा ग्रामसभेचाही दिवस. झेंडावंदनानंतर जिलेबी घेऊन घरी जाण्यापूर्वी तासभर थांबलं तर टँकर, घरकुल, शाळेची खोली हे विषय मांडता येतात.

१६ आणि २० ऑगस्ट : अलीकडच्या दोन आठवणी

तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावात १६ ऑगस्ट १९५७ रोजी आर. आर. पाटील यांचा जन्म झाला. जिल्हा त्यांना ‘आबा’ म्हणूनच ओळखतो. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेलं. गृहमंत्री असताना डान्सबार बंदी आणि १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम हे त्यांचे ठळक निर्णय. गावातले वाद गावातच मिटवायचे ही कल्पना प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांची आठवण करून देते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. ते साताऱ्याचे. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. कबड्डीचे नामांकित खेळाडू. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम हत्येनंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. २० ऑगस्ट हा दिवस आता वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळला जातो.

सण दरवर्षी का सरकतात?

जयंतीची तारीख इंग्रजी कॅलेंडरने ठरते, सण तिथीने. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. नागपंचमी २०२३ मध्ये २१ ऑगस्टला होती, २०२४ मध्ये ९ ऑगस्टला म्हणजे क्रांती दिनीच आली, २०२५ मध्ये २९ जुलैला गेली आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १७ ऑगस्टला येते.

नागपंचमी म्हटलं की शिराळा. जिवंत नाग पकडून पूजायची तिथली जुनी प्रथा वन्यजीव कायदा आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे थांबली. तेव्हापासून परंपरा की प्राण्यांचं संरक्षण, हा वाद दर श्रावणात निघतो.

बैलांच्या सणाचंही असंच. मराठवाड्याकडचे पाहुणे श्रावण अमावास्येला पोळ्याच्या शुभेच्छा पाठवतात, तेव्हा जतकर गोंधळतात. कारण आपल्याकडे तोवर बेंदूर होऊन गेलेला असतो. त्यातही ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला येतो तो कर्नाटकी बेंदूर, आषाढात येतो तो महाराष्ट्रीय बेंदूर. बैल तेच, रंग तेच, कॅलेंडर मात्र दोन राज्यांचं.

पारशी नववर्षाची सुट्टीही ऑगस्टच्या मध्यावर येते. त्या पंचांगात लीप वर्ष नसल्याने ते दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतं. २०२३ मध्ये ते १६ ऑगस्टला होतं, २०२४ पासून १५ ऑगस्टला आलं. म्हणून ती सुट्टी आता स्वातंत्र्यदिनातच विरघळते आणि नोकरदार हळहळतात.

इतर देश काय करतात?

अमेरिकेत असाच गच्च महिना फेब्रुवारी. अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ तारखेचा, जॉर्ज वॉशिंग्टन यांचा २२ चा. वॉशिंग्टन यांच्या नावाची सुट्टी १९७१ पासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी देतात, म्हणजे नोकरदारांना सलग तीन दिवस मिळतात. गंमत अशी की तिसरा सोमवार १५ ते २१ याच तारखांना येऊ शकतो. त्यामुळे वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनाची सुट्टी त्यांच्या जन्मदिनी कधीच येत नाही! लिंकन यांच्या नावाने तर केंद्रीय सुट्टीच नाही.

त्याच फेब्रुवारीत १९२६ मध्ये कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने एक आठवडा मागितला. मागितला तो सुट्टीसाठी नव्हे, शिकवण्यासाठी. पाठ्यपुस्तकात नसलेला कृष्णवर्णीयांचा इतिहास त्या आठवड्यात शाळांत सांगायचा, एवढीच कल्पना होती. पन्नास वर्षांनी, १९७६ मध्ये त्या आठवड्याचा अख्खा महिना झाला. आजही त्या महिन्यानिमित्त कुणाला सुट्टी मिळत नाही, पण शाळांमध्ये तो शिकवला जातो.

अण्णा भाऊंच्या जयंतीचंही काहीसं असंच आहे. सुट्टी नाही, तरी १ ऑगस्टला वस्त्यांत मंडप पडतो, हलगी वाजते, मिरवणूक निघते. ही आठवण सरकारने नव्हे, लोकांनी टिकवली. फरक एवढाच की मिरवणुकीसाठी वर्गणी निघते, पण त्याच वस्तीतल्या किती घरांत ‘फकिरा’ची प्रत आहे हे कुणी विचारत नाही.

एकाच महिन्यात दोन जिल्हे?

ऑगस्ट २०१९ सांगलीकर विसरणार नाहीत. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, शहर पाण्यात बुडालं, वाळवा–पलूसची गावं सोडावी लागली. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात गावं पाण्यासाठी टँकरची वाट पाहत होती. आठवणींचंही वाटप असंच झालं आहे. या लेखातली बहुतेक नावं कृष्णा–वारणेच्या काठची आहेत. जिथे पाणी, तिथे पीक, तिथे शाळा, तिथे छापखाना आणि तिथे स्मारक. जतच्या माळावरच्या गावांत १९४२ मध्ये काय घडलं, संस्थान विलीन झालं तेव्हा लोक काय म्हणाले, याच्या नोंदी मोजक्या आहेत. ज्यांनी ते पाहिलं ते आता नव्वदीच्या पुढचे आहेत.

म्हणून या ऑगस्टमध्ये सुट्टी आहे का हे विचारून झाल्यावर आणखी एक काम करता येईल. तुमच्या घरात, शेजारी किंवा मळ्यावर ऐंशी-नव्वद वर्षांचं कुणी असेल तर हातातल्या मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि तीन गोष्टी विचारा. राजाचा कारभार कसा होता? गावात पहिला झेंडा कुणी लावला? दुष्काळात पाणी कुठून आणायचे? बोलणं मराठीत असो की कन्नडमध्ये, तसंच राहू द्या. शाळेने पाच आजी-आजोबांचं बोलणं जपलं, तरी पुढच्या १ ऑगस्टच्या भाषणात टरफलांच्या जोडीला आपल्या गावचीही एक गोष्ट असेल.

एका नजरेत ऑगस्ट

• १ ऑगस्ट : लोकमान्य टिळक पुण्यतिथी (१९२०), अण्णा भाऊ साठे आणि राजारामबापू पाटील जयंती (१९२०), दक्षिण सातारा जिल्ह्याची स्थापना (१९४९), महसूल दिन. सुट्टी नाही.

• ३ ऑगस्ट : क्रांतिसिंह नाना पाटील जयंती (१९००). सुट्टी नाही.

• ९ ऑगस्ट : क्रांती दिन (१९४२), जागतिक आदिवासी दिन. सुट्टी नाही.

• १३ ऑगस्ट : अहिल्यादेवी होळकर पुण्यतिथी (१७९५). सुट्टी नाही.

• १४ ऑगस्ट : हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं कांस्य जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची पुण्यतिथी (१९८४). सुट्टी नाही.

• १५ ऑगस्ट : स्वातंत्र्यदिन, ग्रामसभा. सुट्टी.

• १६ ऑगस्ट : आर. आर. पाटील जयंती (१९५७). सुट्टी नाही.

• २० ऑगस्ट : डॉ. नरेंद्र दाभोलकर स्मृतिदिन (२०१३), वैज्ञानिक दृष्टिकोन दिन. सुट्टी नाही.

• तिथीनुसार बदलणारे : नागपंचमी, राखी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, काही वर्षी गणेश चतुर्थी आणि ईद-ए-मिलाद. यातल्या कोणत्या दिवशी सुट्टी आहे हे त्या वर्षीच्या सरकारी यादीत किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात पाहावं, फॉरवर्ड मेसेजवर जाऊ नये.